आजोबा 'बोटीवर' होते : दुसऱ्या महायुद्धातील आरमारी सेवेचा शोध कसा घ्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा हुक्केरी भागातल्या मराठी घरात 'आमचे आजोबा लढाईला गेले होते' असे कोणी सांगितले, की ऐकणारा बहुधा मराठा रेजिमेंट असेच समजतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात असल्यामुळे हे स्वाभाविक आहे. परंतु काही घरांतली आठवण वेगळी असते. आजोबा बोटीवर होते, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याला गेले होते, मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तेव्हा तिथे होते, पुढे बंड झाले आणि ते घरी परतले, एवढेच पुढच्या पिढीला ठाऊक असते. घाटमाथ्यावर राहणाऱ्या या माणसांची आरमारी सेवा गावाच्या आठवणीत नीट बसत नाही, आणि म्हणून ती सर्वांत आधी पुसली जाते. अशा कुटुंबांनी शोध कोठून सुरू करावा, हातात आलेला कागद कसा वाचावा आणि अर्ज कोणाकडे करावा, हे सांगण्यासाठी हे लेखन आहे.

या शोधात सर्वांत मोलाची गोष्ट एकच आहे : जहाजाचे किंवा तळाचे नाव आणि माणूस तिथे रुजू असल्याच्या तारखा. पदके, छायाचित्रे आणि घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी यांचा उपयोग या जोडीपर्यंत पोहोचण्यासाठी करायचा. साध्या खलाशाच्या नावाने स्वतंत्र इतिहास कोणी लिहून ठेवलेला नसतो, जहाजाच्या हालचालींची नोंद मात्र दिवसागणिक होत असते. त्यामुळे नाव आणि तारीख जुळली की त्या माणसाचा युद्धकाळ बऱ्याच अंशी उलगडतो.

आधी दल निश्चित करावे

बोटीवर काम केलेला माणूस नौदलातच होता असे गृहीत धरू नये. पहिली शक्यता अर्थातच रॉयल इंडियन नेव्हीची. हे नाव त्या दलाला २ ऑक्टोबर १९३४ रोजी मिळाले. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा अधिकारी आणि खलाशी मिळून त्यात दोन हजारही माणसे नव्हती. युद्ध संपेपर्यंत ही संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली होती. युद्धापूर्वी भरतीचा मोठा आधार रत्नागिरीचा किनारा होता. युद्धात गरज वाढल्यावर ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशा जिल्ह्यांतूनही मुले घेतली गेली. आपल्या भागातली बहुतेक माणसे या दुसऱ्या लाटेतली असण्याचा संभव अधिक.

दुसरी शक्यता व्यापारी जहाजांची. कोळसा टाकणारे, इंजिनघरात राबणारे, स्वयंपाकघर सांभाळणारे हजारो भारतीय खलाशी युद्धकाळात पाणबुड्यांच्या तोंडी गेले, पण ते नौदलाचे नोकर नव्हते आणि त्यांच्या नोंदी नौदलाकडे मिळणार नाहीत. तिसरी शक्यता फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय लष्कराच्या इंजिनिअर्स विभागात अंतर्गत जलवाहतुकीच्या तुकड्या होत्या, आणि त्यांची माणसे इराक, ब्रह्मदेश अशा ठिकाणी नद्यांवर बोटी चालवत होती. ही माणसे हुद्द्याने सैनिक असत, कामाने खलाशी. चौथी शक्यता अशी, की आजोबा मराठा पायदळातच होते आणि 'बोटीने' आफ्रिकेला किंवा इटलीला गेले होते. नातवंडांपर्यंत पोहोचताना बोटीने गेलेला माणूस बोटीवरचा होऊन जातो.

या चारांतले कोणते, हे ठरवायला पदकाची कड बहुधा पुरते. भारतीयांना दिलेल्या युद्धपदकांच्या कडेवर, आणि ताऱ्याच्या आकाराच्या पदकांच्या (स्टार) मागच्या बाजूला, पुष्कळदा सेवा क्रमांक, हुद्दा, नाव आणि दलाची आद्याक्षरे ठोकलेली असतात. तिथे 'आर.आय.एन.' अशा अर्थाची रोमन अक्षरे दिसली तर प्रश्न मिटला. पदक पितांबरीने किंवा चिंचेने घासू नये, कारण घासण्याने जातो तो आधी हाच मजकूर. कडेवर तिरका उजेड पाडून मोबाइलने छायाचित्र घ्यावे आणि ते मोठे करून वाचावे.

पेटीतले कागद आणि भिंतीवरचे छायाचित्र

नौदलातून सुटताना खलाशाला सेवा प्रमाणपत्र मिळत असे. घरात ते असेल तर बहुधा जमिनीच्या कागदांबरोबर, पत्र्याच्या ट्रंकेत किंवा देवघराच्या फडताळात घडी घालून ठेवलेले सापडेल. त्यात नाव, वडिलांचे नाव, गाव, धर्म, उंची, शरीरावरच्या खुणा आणि त्याखाली रकान्यांत जहाजांची नावे, हुद्दा, 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा असतात. हाच भाग सर्वांत महत्त्वाचा. वर्तणुकीच्या रकान्यात वर्षाअखेरीस दिलेला शेरा असतो, आणि शेवटी सेवेतून मुक्त करण्याचे कारण. घडीवर फाटलेला कागद चिकटपट्टीने जोडू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. सपाट ठेवून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ कागद जाड कागदाच्या पाकिटात ठेवावा.

छायाचित्र पाहताना दोन चुका हमखास होतात. पहिली टोपीच्या पट्टीबाबत. युद्धकाळात गुप्ततेसाठी टोपीवर जहाजाचे नाव न घालता केवळ 'एच.एम.आय.एस.' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) एवढीच अक्षरे ठेवण्याची पद्धत होती. तेव्हा नाव नाही म्हणजे जहाज नव्हते, असा निष्कर्ष काढू नये. दुसरी चूक बाहीवरच्या पट्ट्यांची. लष्करात तीन पट्ट्या म्हणजे हवालदार, हे आपल्या भागात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नौदलात मात्र डाव्या बाहीवरच्या तशा पट्ट्या चांगल्या वर्तणुकीच्या आणि सेवेच्या वर्षांच्या असत. हुद्दा दाखवण्यासाठी नांगर असे. एक नांगर म्हणजे लीडिंग सीमनच्या पातळीचा माणूस, मुकुटाखाली एकमेकांवर तिरके दोन नांगर म्हणजे पेटी ऑफिसर.

उजव्या बाहीवरचे चिन्ह त्याहूनही उपयोगाचे असते, कारण ते माणसाचे काम सांगते. पंख आणि वीज असे चिन्ह तारायंत्र्याचे म्हणजे टेलिग्राफिस्टचे, आडवीतिडवी निशाणे सिग्नलमनची, जहाजाचा पंखा स्टोकरचा, तोफेची खूण तोफखान्याची. छायाचित्र पुसट असेल तर चांगल्या स्कॅनरवर ते जास्तीत जास्त सूक्ष्मतेने घेऊन केवळ बाहीचा भाग मोठा करून पाहावा.

पदकांची जुळणीही काही सांगते. समुद्रावर साधारणपणे सहा महिने युद्धक्षेत्रात घालवल्याशिवाय खलाशाला '१९३९-४५ स्टार' मिळत नसे, आणि बर्मा स्टारसारखे क्षेत्रनिहाय तारे सामान्यतः त्यानंतर मिळत. भारतातच तीन वर्षे युद्धेतर सेवा केलेल्यांना इंडिया सर्व्हिस मेडल होते. त्यामुळे घरात केवळ वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल असेल, एकही तारा नसेल, तर सेवेचा बराचसा काळ किनाऱ्यावरच्या तळावर गेला असावा असा प्राथमिक तर्क करता येतो. मात्र हा तर्कच आहे. अनेकांनी आपली पदके मागवलीच नाहीत आणि काहींच्या घरातून ती हरवली. आणखी एक लक्षात ठेवावे. नेव्हल जनरल सर्व्हिस मेडलवर '१९४५-५१' चा सुरुंगसफाईचा पट्टा असेल, तर तो माणूस युद्ध संपल्यावरही पेरलेले सुरुंग काढण्याच्या कामावर होता.

प्रत्येक 'एच.एम.आय.एस.' जहाज नव्हते

प्रमाणपत्रात 'शिवाजी' असे नाव दिसले की कुटुंबाला अभिमान वाटतो आणि मग त्या नावाच्या लढाऊ जहाजाचा शोध सुरू होतो. तो व्यर्थ जातो, कारण नौदलात किनाऱ्यावरच्या शाळा आणि बराकी यांनाही जहाजाप्रमाणेच नाव देतात. 'शिवाजी' हे लोणावळ्याचे, इंजिनविभागाच्या माणसांना शिकवणारे केंद्र. ते फेब्रुवारी १९४५ मध्ये सुरू झाले. 'वलसुरा' जामनगरजवळची टॉर्पेडो शाळा. 'तलवार' मुंबईतली संदेशविद्येची शाळा. 'डलहौसी' म्हणजे मुंबईच्या किल्ल्यातल्या बराकी, ज्यांना १९५१ पासून 'आंग्रे' म्हणतात. 'मच्छलीमार' पाणबुडीविरोधी शिक्षणाची शाळा, 'हमला' उतराई नौकांच्या, म्हणजे सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौकांच्या, माणसांचा तळ. 'बहादूर', 'हिमालय' आणि 'चमक' ही कराचीजवळच्या मनोरा बेटावरची केंद्रे असून तिथे अनुक्रमे पोरवयातल्या रंगरुटांचे, तोफांचे आणि रडारचे शिक्षण चाले. कोचीनचे 'वेंदुरुती' आणि विशाखापट्टणमचे 'सरकार्स' हेही तळच.

म्हणून नावांची यादी उतरवून घेतल्यावर तिचे दोन भाग पाडावेत. तळांच्या नावांवरून शिक्षण आणि काम कळते, जहाजांच्या नावांवरून युद्ध कळते. एखाद्याची संपूर्ण सेवा तळावर गेली असेल तर ती कमी प्रतीची समजू नये. संदेश पकडणारा आणि पाठवणारा माणूस तळावर नसता तर समुद्रातले काफिले आंधळे झाले असते.

जहाजाच्या हालचालींशी तारखा जुळवणे

शोधाचा हा भाग सर्वांत समृद्ध आहे आणि इथे घाई करू नये. कोऱ्या वहीत डावीकडे आजोबांच्या तारखा आणि उजवीकडे त्या जहाजाच्या ज्ञात घटना लिहीत जावे. त्यासाठी आधार म्हणून भारत आणि पाकिस्तान यांच्या संयुक्त इतिहास विभागाने तयार केलेला, १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला रॉयल इंडियन नेव्हीचा अधिकृत इतिहास उपयोगी पडतो.

समजा, प्रमाणपत्रात 'बेंगाल' हे नाव आहे आणि काळ १९४२ चा उत्तरार्ध आहे. मग ११ नोव्हेंबर १९४२ ही तारीख त्या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी असणार. ऑस्ट्रेलियात बांधलेली ही सुमारे ६५० टनांची सुरुंगसफाई नौका हिंदी महासागरातून 'ओंदिना' या डच टँकरला सोबत करत येत होती. तेव्हा 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू' ही दहा हजार टनांच्या घरातली, मोठ्या तोफा बसवलेली दोन जपानी जहाजे त्यांच्यावर चालून आली. बेंगालवर तीन इंची गोळे टाकणारी एक तोफ आणि काही लहान विमानविरोधी तोफा एवढेच होते. तरीही तिच्या कप्तानाने टँकरला निसटण्याची सूचना देऊन शत्रूच्या दिशेने जहाज वळवले. त्या चकमकीत होकोकू मारू बुडाले आणि बेंगाल व ओंदिना दोन्ही वाचल्या. आजोबांनी 'आमची होडी एवढीशी आणि समोर डोंगराएवढे जहाज' असे काही सांगितले असेल, तर ती अतिशयोक्ती नव्हती.

'सतलज' आणि 'जमना' हे दोन स्लूप (काफिल्यांना सोबत करणाऱ्या लहान युद्धनौका) १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये बांधून झाले. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर दोस्तांचे सैन्य उतरले तेव्हा ही दोन्ही जहाजे तिथे होती. घरात 'इटली' हा शब्द ऐकला असेल तर लगेच मराठा पलटणीकडे वळण्याआधी हे तपासावे. याच जमनाने ११ फेब्रुवारी १९४४ रोजी बंगालच्या उपसागरात, 'लाँसेस्टन' आणि 'इप्सविच' या ऑस्ट्रेलियन नौकांबरोबर, 'आर.ओ.-११०' ही जपानी पाणबुडी बुडवली. 'गोदावरी'च्या नावावर १२ ऑगस्ट १९४४ ची नोंद आहे : सेशेल्सच्या परिसरात ब्रिटिश 'फिंडहॉर्न'बरोबर तिने 'यू-१९८' या जर्मन पाणबुडीचा शेवट केला.

ब्रह्मदेशाची आठवण सांगणाऱ्या घरांनी १९४५ चे पहिले पाच महिने बारकाईने पाहावेत. जानेवारीत अराकानच्या किनाऱ्यावर अक्याब, म्येबोन, रामरी आणि कांगॉ इथे एकामागून एक सैन्य उतरवले गेले. हा मुलूख खाड्यांचा, चिखलाचा आणि खारफुटीचा. 'नर्मदा' आणि 'जमना' या खाड्यांत शिरून किनाऱ्यावरच्या सैन्याला तोफांचा आधार देत होत्या आणि उतराई नौकांवरचे भारतीय खलाशी माणसे, दारूगोळा आणि जखमी यांची ने-आण करत होते. २ मे रोजी रंगूनच्या मोहिमेत सैन्य उतरले तेव्हाही भारतीय स्लूप हजर होते. याउलट 'इंडस'च्या माणसाची ब्रह्मदेशाची आठवण पराभवाच्या काळातली असेल, कारण ते जहाज ६ एप्रिल १९४२ रोजी अक्याबपाशी जपानी विमानांच्या बाँबहल्ल्यात बुडाले. एकाच बंदराच्या नावामागे तीन वर्षांच्या अंतराने दोन अगदी निराळे अनुभव आहेत. तारखेवाचून नावाला अर्थ नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

तांबड्या समुद्रात १९४१ मध्ये 'पार्वती' सुरुंगावर आदळून गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा जवळच असलेली नौदलाची 'जलपद्म' ही नौकाही नष्ट झाली. मुंबईत नेमणूक असलेल्या पुष्कळ खलाशांना त्यानंतरच्या मदतकार्यात जावे लागले, त्यामुळे गोदीच्या स्फोटाची आठवण सांगणारा माणूस स्फोटाच्या क्षणी गोदीतच होता असे समजण्याचे कारण नाही.

काम कळले तर दिवस कसा जाई ते कळते

आजोबांचे काम 'कानाला यंत्र लावून बसण्याचे' होते असे घरात सांगत असतील, तर दोन शक्यता आहेत. एक टेलिग्राफिस्टची, दुसरी ॲस्डिक चालवणाऱ्याची. ॲस्डिक हे जहाजाच्या तळाखालून पाण्यात ध्वनीचा ठोका सोडणारे यंत्र होते. ठोका पाणबुडीवर आपटून परत येई आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढता येई. परतलेला आवाज मूळ आवाजापेक्षा किंचित चढा असेल तर पाणबुडी जवळ येते आहे, उतरता असेल तर दूर जाते आहे, हा फरक कानानेच ओळखावा लागे. म्हणून या कामासाठी सुरांची जाण असलेली मुले निवडली जात. जहाज पाणबुडीच्या अगदी जवळ गेले की प्रतिध्वनी मिळेनासा होई, आणि पाण्याच्या दाबाने फुटणारी जलबाँबची पिंपे त्या शेवटच्या टप्प्यात अंदाजानेच जहाजाच्या मागच्या बाजूने टाकावी लागत. पुढच्या दिशेने बाँब फेकणारी हेजहॉगसारखी यंत्रे आल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. सेवा प्रमाणपत्रात 'मच्छलीमार' दिसले तर हाच धागा पुढे न्यावा.

सुरुंगसफाईचे काम वेगळ्या धीराचे होते. तळाशी दोरखंडाने बांधून पाण्याखाली तरंगत ठेवलेले सुरुंग काढायला नौकेच्या मागे लांब तारेचा दोर ओढत नेत. त्याला कापणी बसवलेली असे, दोर तुटला की सुरुंग वर येई आणि मग बंदुकीने तो फोडत किंवा बुडवत. लोखंडी जहाजाच्या चुंबकत्वाने फुटणाऱ्या सुरुंगांसाठी मात्र विजेचा प्रवाह सोडलेल्या तरंगत्या तारा लागत. हे काम आखून दिलेल्या पट्ट्यांत, सरळ रेषेत आणि ठरावीक वेगाने करायचे असल्याने त्यात चकमकीच्या गोष्टी फारशा निघत नाहीत. अशा माणसाने घरी 'काही विशेष घडले नाही' असे सांगितले असेल, तर ते काम नीट झाल्याचेच लक्षण आहे.

स्टोकरचे काम बॉयलरच्या खोलीत, उष्णतेत आणि वरचे काहीही न दिसता चाले. त्याच्या आठवणीत लढाईचे दृश्य नसते, आवाज आणि हादरे असतात. मुलाखत घेताना त्याच्या पत्नीला किंवा धाकट्या भावाला 'त्यांनी काय पाहिले' असे न विचारता 'ते कोठे झोपत, काय खात, कोणत्या गोष्टीला कंटाळत' असे विचारावे. उत्तरे अधिक मिळतात आणि तीच कागदाशी जुळवता येतात.

१९४६ चा फेब्रुवारी

मुक्त करण्याच्या रकान्यात १९४६ चे साल असेल तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. युद्ध संपल्यावर केवळ युद्धापुरती भरती केलेल्या खलाशांना मोठ्या संख्येने घरी पाठवले गेले. त्या मुक्ततेत दंडाचा भाग नव्हता. परंतु १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार'वरच्या खलाशांनी निकृष्ट अन्न, अपमानास्पद वागणूक आणि वेतनातला भेद यांविरुद्ध काम बंद केले. उठाव मुंबईतून कराची आणि इतर तळांवर पसरला आणि २३ फेब्रुवारीला थांबला. त्यानंतर काही शे खलाशांना बडतर्फ करण्यात आले. 'यापुढे सेवेची आवश्यकता नाही' अशा अर्थाचा शेरा आणि त्या वर्षाची तारीख एकत्र आली, तर उठावाशी संबंध असण्याची शक्यता गंभीरपणे तपासावी. शेरा नसेल तर केवळ 'ते बंडात होते' या ऐकीव वाक्यावर कुटुंबाने तसे छापील निवेदन देऊ नये, कारण त्या दिवसांत मुंबईत असलेला जवळजवळ प्रत्येक खलाशी कोणत्या ना कोणत्या अर्थाने त्या घटनेत होता. केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत हा उठाव मान्य चळवळ म्हणून धरला आहे, आणि म्हणूनच तिथे पुराव्याची अपेक्षाही काटेकोर असते.

१९४७ मध्ये जहाजांची वाटणी झाली हेही ध्यानात ठेवावे. सतलज, जमना, कृष्णा आणि कावेरी हे स्लूप भारताकडे राहिले. नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानकडे जाऊन त्यांची नावे 'झेलम' आणि 'सिंध' अशी झाली. त्यामुळे फाळणीनंतरच्या भारतीय याद्यांत ही दोन जहाजे सापडणार नाहीत. २६ जानेवारी १९५० रोजी दलाच्या नावातला 'रॉयल' शब्द गेला आणि जहाजे 'आय.एन.एस.' झाली. ज्यांनी नोकरी चालू ठेवली त्यांच्या कागदात १९४८ मध्ये आलेली 'दिल्ली' ही क्रूझर दिसू शकते. युद्धकाळातली कावेरी तर डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या समुद्रात 'बेतवा' आणि 'बियास' यांच्याबरोबर पोर्तुगीज युद्धनौकेविरुद्ध उतरली होती. त्याच दिवसांत बेळगावातून गोव्याकडे निघालेल्या लष्करी तुकड्या आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिल्या आहेत.

पत्ता तोच, राज्य वेगळे

अर्ज करण्यापूर्वी आपल्या भागाची एक अडचण समजून घेतली पाहिजे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता. नौदलाच्या जुन्या नोंदीत 'बेळगाव, मुंबई' असे असणार आणि आजच्या अर्जात 'बेळगावी, कर्नाटक' असेल, तर फाइल शोधणाऱ्या कारकुनाला ती एकच व्यक्ती वाटेलच असे नाही. चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होता, आता तो कोल्हापुरात आहे. शहापूर सांगली संस्थानात होते आणि रायबाग कोल्हापूर संस्थानात, त्यामुळे तिथल्या माणसाच्या कागदावर जिल्ह्याऐवजी संस्थानाचे नाव असू शकते. अर्जात तेव्हाचे गाव, तालुका, जिल्हा किंवा संस्थान आणि आजचा पत्ता असे दोन्ही स्पष्ट लिहावेत.

नावाच्या स्पेलिंगचेही तसेच. भरतीच्या वेळी आडनावाऐवजी वडिलांचे नाव किंवा गावाचे नाव लागलेले असते, आणि आज घरातले दाखले कन्नडमध्ये, तर शाळेचा जुना दाखला मराठीत असतो. शक्य असलेली सर्व रूपे अर्जात एका ओळीत द्यावीत आणि सेवा क्रमांक असेल तर तो सर्वांत वर ठळक लिहावा. क्रमांक मिळाला की स्पेलिंगचा वाद उरत नाही.

वारस असल्याच्या पुराव्यासाठी नाडकचेरीतून (कर्नाटकातले स्थानिक महसूल कार्यालय) वंशावळीचा दाखला काढावा, मृत्यूचा दाखला जोडावा आणि दोन्हींचे इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर नोटरीकडून प्रमाणित करून घ्यावे. हे आधीच केले नाही तर अर्ज भाषेच्या कारणाने परत येण्यात वेळ जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या कागदांवर योग्य तो मार्ग सांगू शकते, आणि मुक्तता प्रमाणपत्र घरात असेल तर तिथे ते दाखवून पत्र घेणे सोयीचे ठरते.

खलाशांच्या सेवानोंदींसाठी अर्ज मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्यूरो ऑफ सेलर्सकडे करावा. अधिकाऱ्यांच्या नोंदींचा विषय दिल्लीच्या नौदल मुख्यालयाकडे जातो. पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवावी. मागणी मोजकी असावी : सेवाकाल, जहाजे व तळ यांच्या तारखा, हुद्दे, पदके आणि मुक्ततेचे कारण. 'सर्व माहिती द्यावी' अशी मागणी केली की काहीच नेमके मिळत नाही. उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपये शुल्क भरून करता येतो आणि त्याला तीस दिवसांची मुदत आहे. दुसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती म्हणून तो नाकारला जाऊ नये यासाठी वारसाचे कागद तिथेही जोडावेत. युद्धापुरत्या भरतीच्या माणसाला सहसा निवृत्तिवेतन नसे, म्हणून पेन्शनच्या नोंदीत नाव नाही एवढ्यावरून शोध सोडू नये.

मराठा पायदळाचा माणूस असल्याचे निष्पन्न झाले तर अभिलेख कार्यालय बेळगावातच आहे, आणि तेवढ्यापुरता हा शोध सोपा होतो.

जहाजांच्या बाजूचा पुरावा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावा. त्याचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या पाहता येते. लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ॲडमिरल्टीचे युद्धकालीन अहवाल आहेत, आणि ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची कागदपत्रे. शौर्यपदक मिळाल्याची आठवण असेल तर लंडन गॅझेटचे जुने अंक ऑनलाइन विनामूल्य चाळता येतात.

आजोबा परत आलेच नाहीत अशा घरांसाठी मार्ग निराळा आणि तुलनेने सरळ आहे. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहावे. समुद्रातच मृत्यू आल्यामुळे ज्यांना कबर किंवा दहनस्थळ नाही अशा सहा हजारांहून अधिक भारतीय नौसैनिकांची आणि व्यापारी खलाशांची नावे मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारकग्रंथांत आहेत. मुंबईतले स्मारक मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. या नोंदीत पुष्कळदा वडिलांचे नाव आणि गाव दिलेले असते, आणि आपल्या घरचाच माणूस तो, हे ठरवायला बहुधा तेवढे पुरते. नावाच्या शेजारी जहाज आणि मृत्यूची तारीखही मिळते. ती घेऊन वर सांगितल्याप्रमाणे जहाजाच्या हालचालींकडे वळावे, आणि ज्या समुद्रात ते जहाज त्या दिवशी होते त्याचा नकाशा वहीत त्या तारखेसमोर चिकटवून ठेवावा.